इंजिन घट्ट बांधलं, चॅसी मात्र तशीच : एका जुन्या धाटणीच्या व्ही-८ रोडस्टरचं प्रकरण

गाडी आमच्याकडे आली तेव्हा मालकांची तक्रार एका वाक्याची होती. "पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं झुकणं अडवणारी सळई) दोनदा बदलला, पण गाडी वळणावर तशीच वागते." इंजिनाबद्दल ते काही बोललेच नव्हते. इंजिनाच्या माउंटिंगचा, म्हणजे इंजिन चॅसीवर धरणाऱ्या आधारांचा, प्रश्न त्यांच्या मते आधीच सुटला होता.

गाडी म्हणजे एसी या ब्रिटिश कंपनीच्या कोब्राच्या धर्तीवर बांधलेला दोन सीटचा रोडस्टर. बॉडी कोब्राच्या २८९ या मॉडेलच्या घाटाची. खाली ३ इंच व्यासाच्या दोन गोल नळ्या समांतर टाकून, आडव्या मेंबरांनी जोडलेली शिडीसारखी चॅसी. मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन, आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) थेट चॅसीला बोल्ट केलेलं. बोनेटखाली ३५१ घन इंचाचं, म्हणजे ५.८ लिटरचं फोर्ड व्ही-८, त्याच्यामागे चार गिअरांचा टॉपलोडर गिअरबॉक्स. सुमारे ५०० न्यूटन-मीटर टॉर्क.

या चॅसीचं मूळ कुठलं, हे इथे सांगायलाच हवं. दोन नळ्यांची ही कल्पना १९५३ च्या एसी 'एस' (Ace) या गाडीची. त्या गाडीत २ लिटरचं, सुरुवातीला ८५ अश्वशक्तीच्या आसपास ताकद देणारं सहा सिलिंडरी इंजिन होतं. १९६२ मध्ये त्याच हाडापेरात ४.२ लिटरचं फोर्ड व्ही-८ बसलं, पाठोपाठ ४.७ लिटरचं २८९, ज्याच्या तिखट आवृत्तीची ताकद २७१ अश्वशक्ती होती. ७ लिटरचं ४२७ बसवायची वेळ आली तेव्हा मात्र बांधणाऱ्यांनी नळ्या ४ इंचांच्या केल्या, आडवे पानपट्टे काढून कॉइल स्प्रिंगा दिल्या. ती चॅसी १९६५ ची. आमच्यापुढच्या गाडीची नळी ३ इंचांचीच होती, आणि इंजिन मात्र त्या दोन पायऱ्यांच्या मधलं कुठलं तरी.

एका इंचाचा फरक ऐकायला लहान वाटतो. पातळ भिंतीच्या गोल नळीचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. भिंतीची जाडी तीच ठेवून ३ चे ४ इंच केले की हा विरोध जवळजवळ २.४ पट होतो.

आधी काय केलं गेलं होतं

मालक अभ्यासू माणूस. वर्षभरापूर्वी पहिल्या गिअरमध्ये जोरात क्लच सोडताना त्यांचं डावं माउंटिंग फाटलं. रबर लोखंडी पाटीपासून सुटलं, इंजिन डाव्या बाजूने उचललं गेलं आणि एक्झॉस्टचा हेडर स्टिअरिंगच्या शाफ्टला घासला. सुदैवाने वेग नव्हता.

डावंच का? इथे थोडं गणित करू. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, ज्या दिशेने फिरतो, त्याच्या उलट दिशेने इंजिनाचा ब्लॉक फिरू पाहतो. या व्ही-८ मध्ये त्यामुळे डावी बाजू वर उचलली जाते आणि उजवी दाबली जाते. माउंटिंगवर येणारा टॉर्क इंजिनाचा नसतो, गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा असतो, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स हा एकच ठोकळा आहे. ५०० गुणिले पहिल्या गिअरचं २.७८, म्हणजे १३९० न्यूटन-मीटर. दोन माउंटिंगांमधलं अंतर अर्धा मीटर धरलं तर प्रत्येकावर सुमारे २८० किलोचा भार येतो, उजवीकडे खाली आणि डावीकडे वर. डाव्या माउंटिंगवर एरवी इंजिनाचं ९०-९५ किलो वजन दाबून बसलेलं असतं. ते वजा केलं तरी १८५ किलोची ओढ उरते, तीही क्लच हळू सोडला तर. क्लच आपटला की धक्क्याचा आकडा याच्या कितीतरी वर जातो.

हा दोष जुना आहे आणि त्याने मोठ्या प्रमाणावर त्रास दिलेला आहे. १९७१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सने शेवरलेच्या सुमारे ६७ लाख गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. डावं माउंटिंग सुटलं की इंजिन उचललं जाई आणि थ्रॉटलची जोडणी ओढली जाऊन ॲक्सिलरेटर अडके. उपाय म्हणून इंजिनाची उचल रोखणारी केबल बसवली गेली.

आमच्या मालकांनी निराळा मार्ग धरला. पुढची दोन्ही रबरं काढून जाड ॲल्युमिनियमचे ठोकळे घातले, आणि गिअरबॉक्सखालचं रबरही काढून तिथे दोन बोल्टांचं घट्ट ब्रॅकेट बसवलं. उचल थांबली. पण त्यांच्या मनात आणखी एक फायदा होता. "इंजिन आता चॅसीचाच भाग झालं ना? म्हणजे चॅसी आपोआप ताठ झाली."

हा समज पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो, आणि त्याला पूर्वपरंपराही आहे. १९२४ च्या बुगाटी टाइप ३५ मध्ये इंजिन चॅसीला घट्ट बोल्ट केलेलं होतं आणि ते चौकटीला आवळून धरण्याचं काम करी. १९६७ मध्ये लोटस ४९ या फॉर्म्युला वन गाडीने तर मागची चॅसीच काढून टाकली. कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन पुढे चार बोल्टांनी मोनोकॉकला, म्हणजे ओझं घेणाऱ्या पत्र्याच्या पेटीसारख्या बॉडीला, जोडलं आणि मागचं सस्पेन्शन इंजिन-गिअरबॉक्सवर टांगलं. झँडफोर्टला पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्क ती गाडी घेऊन जिंकला. अशी उदाहरणं डोळ्यांसमोर असताना मालकांनी तसा तर्क केला, यात नवल नाही.

घट्ट बांधल्यानंतर वर्षभरात

गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा मला पहिल्यांदा दिसला तो डाव्या माउंटिंगच्या ब्रॅकेटचा वेल्ड. वेल्डच्या कडेला, नळीच्या अंगावर, नखाएवढी चीर होती. वेल्ड तुटलेला नव्हता. वेल्डच्या उष्णतेने कडक झालेल्या आणि कमी कडक भागाच्या सीमेवर नळीच फाटू लागली होती. अशी चीर दिसली की मी दुसरं काहीही आधी पाहत नाही, कारण ब्रॅकेट बदलता येतं, मुख्य नळी बदलणं म्हणजे गाडी पुन्हा बांधणं.

मग बाकीचं. बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी घंटेसारखी पेटी) आणि गिअरबॉक्स यांच्यामधले चारपैकी दोन बोल्ट हाताने फिरण्याइतके सैल. ब्रेकच्या पाइपाची एक क्लिप तुटलेली. रेडिएटरच्या वरच्या टाकीच्या सांध्यातून ओल. आरसा थरथरतो आणि त्यात मागचं काही दिसत नाही, हे मालकांनी नंतर सांगितलं. त्यांना ते जुन्या गाडीचं वैशिष्ट्य वाटलं होतं.

कंपनाबद्दल थोडी निष्पक्ष बाजू मांडायला हवी. ९० अंशांच्या, क्रॉस-प्लेन क्रँकच्या व्ही-८ मध्ये पिस्टनांची वर-खाली होण्याची बलं क्रँकवरच्या वजनांनी जवळजवळ पूर्ण संतुलित होतात. म्हणून असं इंजिन घट्ट बांधलेलं चालवता तरी येतं. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात क्रँकच्या दुप्पट वेगाचं असंतुलन उरतं, आणि तिथे घट्ट माउंटिंग दातांपर्यंत जाणवतं. ते थोपवण्यासाठीच १९३१ मध्ये प्लिमथने 'फ्लोटिंग पॉवर' नावाची रबरी मांडणी आणली, आणि सिट्रोएनने तिचे हक्क घेतले. पण व्ही-८ मध्येही प्रत्येक ज्वलनाचा टॉर्कचा ठोका उरतोच. क्रँकच्या एका फेऱ्यात चार ठोके. ७५० आरपीएमला सेकंदाला ५०, ६००० ला ४००. रबर यातले वरचे ठोके गिळून टाकतं. ॲल्युमिनियमचा ठोकळा एकही गिळत नाही. क्लिप, पाइप, रेडिएटर, ब्रॅकेटचा वेल्ड हे सगळे मग ते ठोके तासन् तास खातात.

मोजणी

मालकांना मी म्हणालो, "तुमची चॅसी ताठ झाली की नाही, हे आपण वाद न घालता मोजू." त्यांनी लगेच होकार दिला, आणि दोन दिवस स्वतः गेज वाचायला बसले. ही मोजणी कोणत्याही नीट सपाट फरशीवर करता येते, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी लोखंडी सळया घातल्या, म्हणजे सस्पेन्शन हलणार नाही. मागची दोन्ही चाकं काढून हब स्टँडवर पक्के केले. पुढचे हब एका आडव्या तुळईला बांधले आणि ती तुळई गाडीच्या बरोबर मध्यरेषेवर एका धारेवर टेकवली, म्हणजे ती फक्त डोलू शकेल. तुळईच्या एका टोकाला, धारेपासून १ मीटरवर, ७५ किलो वजन टांगलं. झाला सुमारे ७३५ न्यूटन-मीटरचा पीळ. दोन्ही नळ्यांखाली, पुढून मागे सहा ठिकाणी, जोडीजोडीने डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल दाखवणारी मापकं, लावले. प्रत्येक जोडीतल्या फरकावरून त्या ठिकाणचा पीळ किती अंशांचा, ते निघतं. प्रत्येक वाचन तीनदा घ्यायचं आणि पहिलं टाकून द्यायचं, कारण पहिल्या भाराला सांधे आपापल्या जागी बसतात.

तीन स्थितींत मोजलं. पहिली, मालकांची मांडणी, पुढे दोन आणि मागे दोन बोल्ट, सगळं घट्ट. दुसरी, पुढचे ठोकळे तसेच, पण गिअरबॉक्सखाली मध्यावर एकच रबर. तिसरी, तिन्ही ठिकाणी रबर.

तिसऱ्या स्थितीत संपूर्ण चॅसीचा ताठपणा अंशाला सुमारे १५०० न्यूटन-मीटर निघाला, म्हणजे ती एक अंश पिळायला तेवढा टॉर्क लागतो. ३ मिलिमीटर भिंतीच्या दोन नळ्यांचा एकट्याचा हिशेब ९० इंचांच्या व्हीलबेसला ११०० च्या आसपास येतो. उरलेलं डॅशबोर्डखालच्या कमानीने आणि बॉडी धरणाऱ्या बारीक नळ्यांनी दिलेलं.

दुसऱ्या स्थितीत आकडा तोच राहिला. गेजच्या चुकीएवढाही फरक नाही. मालकांनी ठोकळ्यांचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासले, आम्ही पुन्हा मोजलं, पुन्हा तेच.

या एका निकालासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं. पुढची दोन माउंटिंगं चॅसीच्या लांबीवर एकाच ठिकाणी, समोरासमोर असतात. चॅसी पिळते म्हणजे पुढचा छेद मागच्या छेदाच्या तुलनेत फिरतो. इंजिन पुढच्या छेदाला बांधलेलं असल्याने त्याच्याबरोबर आख्खं फिरतं. मागे त्याला धरणारा बिंदू मध्यरेषेवर एकच आहे, आणि एका बिंदूभोवती वस्तू मोकळी फिरते. मग इंजिन पिळाला अडवणार कसं? तिपाई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, तिच्या पायांत ताण येत नाही, त्याचं कारण हेच. तीन बिंदूंवर ठेवलेलं इंजिन पुढे रबरावर असो की लोखंडावर, चॅसीचा पीळ त्याच्या बाजूने निघून जातो. पुढे घट्ट ठोकळे घातल्याने इंजिन त्या एका जागी भक्कम आडवा मेंबर बनतं, दोन नळ्या एकमेकींच्या पुढेमागे सरकत असतील तर तेवढं थांबवतं. पिळाशी त्याचा संबंध येत नाही.

पहिल्या, म्हणजे चार बोल्टांच्या स्थितीत मात्र आकडा वाढला, १६५० च्या थोडा खाली. एक दशांश वाढ. ती कुठून आली, ते सैल बोल्टांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पुढे दोन, मागे दोन, असे रुंदीत पसरलेले बिंदू झाले की इंजिन-गिअरबॉक्सचा ठोकळा चॅसीबरोबर पिळला जातो. त्यात ब्लॉक सर्वांत ताठ, गिअरबॉक्सची पेटी त्याखालोखाल, आणि दोघांच्या मधोमध ॲल्युमिनियमचं बेलहाउसिंग, गिअरबॉक्सला चार बोल्टांनी धरलेलं. प्रत्येक खड्ड्यात चॅसीचा पीळ त्या चार बोल्टांतून जात होता. ते काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं.

लोटसच्या डीएफव्हीत हे काम पहिल्या दिवसापासून इंजिनाला नेमून दिलेलं होतं. खाली दोन बोल्ट आणि वर कॅम कव्हरांवर पातळ तिकोनी पाट्या. त्या पाट्या मुद्दाम किंचित वाकतील अशा, म्हणजे ब्लॉक तापून रुंदावला की मोनोकॉकवर जोर येऊ नये. आपल्या रस्त्यावरच्या व्ही-८ च्या माउंटिंगच्या कानांबद्दल एवढा विचार कुणी केलेला नसतो.

मालकांचा पुढचा प्रश्न चांगला होता. ड्रॅगच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या, गाड्यांत ब्लॉकच्या पुढे एक आणि ब्लॉक व बेलहाउसिंगच्या मध्ये एक अशा आख्ख्या रुंदीच्या प्लेटा असतात, तशा लावल्या तर? त्याने खरंच फरक पडतो. दोन्ही प्लेटांमध्ये फक्त लोखंडी ब्लॉक येतो आणि बेलहाउसिंग पिळाच्या वाटेतून सुटतं. पण त्याने ताठ होतो तो ब्लॉकच्या लांबीएवढा, जेमतेम अर्ध्या मीटरचा तुकडा. आमच्या सहा गेजांचा आलेख समोर होता. निम्म्याहून जास्त पीळ पाय ठेवायच्या खोलगट जागेपासून सीटच्या पाठीपर्यंत, म्हणजे दारांच्या मधल्या सुमारे एक मीटरमध्ये होता. इंजिनाची जागा त्या मानाने बरी होती.

आता अँटी-रोल बारची तक्रार उलगडते. चॅसी ही पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनला जोडणारी स्प्रिंगच आहे. पुढचा बार जाड केला की गाडीचं झुकणं पुढच्या चाकांनी जास्त अडवावं अशी अपेक्षा असते. मधली स्प्रिंग मऊ असेल तर मागची बाजू आपल्या मनाने झुकते आणि बारने केलेला बदल चॅसीच्या पिळात जिरतो. दोन वेळा बार बदलून मालकांनी जो पैसा आणि वेळ घातला, तो त्या एका मीटरमध्ये जिरत होता.

आणि ज्या गोष्टीकडे फारसं कुणी पाहत नाही, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिफरन्शियल चॅसीला बांधलेलं असलं की इंजिनाचा टॉर्कही चॅसी पिळतो. माउंटिंगांवर १३९० न्यूटन-मीटर एका दिशेने, डिफरन्शियलच्या नाकावर तितकेच उलट दिशेने, आणि मधली १.६ मीटर चॅसी त्या दोघांमध्ये. या गाडीत त्याचा हिशेब अर्ध्या अंशाहून जास्त पीळ असा येतो, तोही सरळ रस्त्यावर. माउंटिंग रबरी असो की घट्ट, हा स्थिर पीळ सारखाच. रबर धक्क्याची धार बोथट करतं, टॉर्क कमी करत नाही.

काय केलं

चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडून ती थांबवली, घासून वेल्ड भरला आणि त्यावर नळीला अर्धा वेढा घालणारी खोगिरासारखी पाटी बसवली. तिच्या कडा नळीला आडव्या न ठेवता तिरक्या उतरत्या ठेवल्या, म्हणजे नवी चीर सुरू व्हायला सरळ रेष मिळत नाही. ब्रॅकेट त्या पाटीवर.

पुढे रबरी माउंटिंगच परत घातली, पण आतल्या आत अडकणारी, म्हणजे रबर सुटलं तरी दोन लोखंडी भाग एकमेकांत गुंतून राहतात. शिवाय डाव्या हेडच्या पुढच्या कोपऱ्यापासून चॅसीपर्यंत दोन्ही टोकांना बुश असलेली एक रोधक सळई, उचलीच्या दिशेने मोजकी मोकळीक देणारी. गिअरबॉक्सखाली मध्यावर एक रबर. हेडर आणि स्टिअरिंग शाफ्टमध्ये आता पुरेशी फट आहे, कारण इंजिन हललं तरी किती हलणार हे ठरलेलं आहे.

खरं काम टनेलमध्ये, म्हणजे दोन सीटांच्या मधल्या बोगद्यात, झालं. मूळ टनेल म्हणजे फायबरचं झाकण होतं, ओझं घेणारं नव्हतं. त्याच्या जागी १.२ मिलिमीटर पत्र्याचा, साधारण २५० बाय २५० मिलिमीटरचा पोलादी बोगदा बांधला आणि खालून काढता येणाऱ्या पत्र्याने बंद केला. बंद पेटीचा पिळाला विरोध तिने वेढलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणून हा पातळ पत्रा, कागदावर तरी, त्या ३ इंची नळीच्या सुमारे २० पट ताठ ठरतो. ही सगळी किमया 'बंद' या शब्दात आहे. गोल नळीसुद्धा लांबीभर एक चीर देऊन उघडली तर तिचा पिळाचा विरोध शेकडो पटींनी पडतो. म्हणून खालच्या पत्र्याचे बोल्ट ५० मिलिमीटरवर एक असे घेतले. गिअरबॉक्स उतरवताना ते सगळे काढावे लागतात, आणि मालकांनी ते मान्य केलं.

बोगद्याच्या दोन्ही तोंडांना पूर्ण रुंदीचे आडवे पत्रे लावून तो दोन्ही नळ्यांना शिवून टाकला. हे केलं नसतं तर बोगदा नुसता मध्ये बसून राहिला असता. नळ्यांमधला पीळ बोगद्यात शिरायला दार लागतं, ते दार हे पत्रे.

पुन्हा तीच तुळई, तेच ७५ किलो. आकडा अंशाला २६०० च्या आसपास. कागदावरच्या २० पटींच्या मानाने वाढ लहान दिसते, कारण बोगदा एका मीटरपुरता आहे आणि उरलेली लांबी पूर्वीसारखीच पिळते. वजन १४ किलोंनी वाढलं.

मालकांनी मग तिसरा बार घेतला नाही. कपाटातून पहिला, मूळ बार काढून लावला आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बार आलटून पालटून चालवून पाहिले. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, "आता दोन्ही बार वेगळे वागतात."

ॲल्युमिनियमचे ठोकळे त्यांनी परत नेले. खोगिरपाटीच्या कडेने आम्ही पांढऱ्या रंगाचा पातळ हात मारून ठेवला आहे, त्यावर केसाएवढी रेघ उमटली तरी दिसेल. गाडी दोनदा तपासून झाली. रंग अजून अखंड आहे, बेलहाउसिंगचे बोल्ट जागेवर आहेत. रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या जागेत, आलेखाचा जो तुकडा आता सर्वांत चढा दिसतो, त्यावर पुढच्या हिवाळ्यात काम करायचं ठरलं आहे.